मंगळवारी गायब झालेले बिट

स्वेच्छानिवृत्ती घेऊन काही वर्षे झाली, पण बेळगाव तालुक्यातल्या एका गावातला तो मंगळवार अजून डोक्यातून जात नाही. गावाचे आणि माणसांचे नाव देत नाही.

सकाळी ठाण्यात हजेरी सुरू असताना उद्योग खात्याच्या अधिकाऱ्याचा फोन आला. एक परदेशी कंपनी कारखान्यासाठी गावची जमीन पाहत होती. माती तपासायला आणलेल्या ड्रिल मशीनचे खोदणारे टोक, म्हणजे बिट, शेडमधून गायब झाले होते.

"पाहुणे उद्या परत जातो म्हणतायत, मॅडम. काहीतरी करा."

पाठोपाठ एकाने नाव न सांगता खबर दिली, "जमीन द्यायला नकार देणाऱ्या अण्णाला धरा."

शेडमध्ये डिझेलचे कॅन तसेच होते, बॅटरीही. भुरटा चोर डिझेल सोडत नाही. अण्णाला बोलावले.

"मी इरोधात हाय, ते ग्रामसभेत माईकवर सांगितलंय," तो म्हणाला. "चोरून कशाला सांगू? आन् हे बघा, कमरंला पट्टा हाय. ते लोखंड मला उचलतंय व्हय?"

बाकी ज्याला विचारावे तो म्हणे, कंपनी पाहिजेच, पोरं किती दिवस पुण्याला ऱ्हायची? मग बिट नेले कोणी? भात लावणीचे दिवस असून शेतात एक माणूस नव्हता. पिठाची गिरणीही बंद. तोंडाने हो म्हणणाऱ्या गावाने आतून बंद पाळला की काय? माझा हवालदार निपाणीचा, तोही चक्रावला. शेवटी कट्ट्यावरच्या एका आक्काला विचारले, "आज बंद आहे का?"

"बंद कसला? वार पाळणूक हाय. आज देवीचा वार, भुईला लोखंड लावायचं न्हाय. पोलिसात असून एवढं ठावं न्हाय व्हय?"

आता उलगडले. कोणाला बिट नको नव्हते, फक्त आज नको होते. शेडचे कुलूप फोडलेले नव्हते आणि किल्ली जमीन समितीच्या आप्पांकडे होती. कंपनीला गावात आणणारे तेच, आणि सकाळपासून आम्हाला चहा देणारेही तेच. त्यांना बाजूला घेतले. चोरी केली का, असे विचारलेच नाही.

"आप्पा, बिट परत कधी ठेवणार होता?"

ते खाली बसले. "उद्या सकाळी. कडब्यात हाय."

"पाहुण्यांना सरळ सांगायचे होते."

"कसं सांगू? वार पाळणाऱ्या गावात कारखाना काय चालणार, म्हणतील. आन् आज खणू दिलं तर गाव जमीन दील? माझी पोरगी आयटीआय करून पुण्यात एका खोलीत चौघींत ऱ्हातीया, मॅडम."

चोरीचा गुन्हा नोंदवला असता तर कंपनी त्याच दिवशी गेली असती. नोंदवला नाही. गावाचा सुट्टीचा दिवस आहे, बिट जपून ठेवले आहे, असे आप्पांनाच पाहुण्यांपुढे सांगायला लावले. परदेशी इंजिनियरने विचारले, असे दिवस वर्षात किती? खात्याचा अधिकारी घाईने म्हणाला, "तसं काही नाही." आप्पा मध्येच बोलले, "पाच हाईत. खोटं कशाला सांगताय?" इंजिनियरने मान हलवली. ती होकाराची होती की कशाची, ते मला कळले नाही.

बुधवारी ड्रिल चालले. पुढे कंपनी दुसऱ्या राज्यात गेली. इथे पाणी कमी पडेल, असे कारण खात्याने सांगितले. अहवाल मी पाहिलेला नाही.

नोकरीत मी नेहमी एकच विचारत आले, यात फायदा कोणाचा? या प्रकरणाने शिकवले की माणूस कधी स्वतःच्या फायद्याच्या आड स्वतःच उभा राहतो, आणि तेही त्याला दुसरी वाटच नसते म्हणून. अशा माणसाला आरोपी म्हणावे की फिर्यादी, हे मला अजून सांगता येत नाही.

आप्पा शनिवारच्या बाजारात भेटतात. पोरगी अजून पुण्यातच आहे. दर वेळी पिशवी खाली ठेवून विचारतात, "मॅडम, खरं सांगा. बिटामुळंच गेली न्हवं कंपनी?"

"पाण्यामुळे, आप्पा," मी सांगते.

ते माझ्या तोंडाकडे बघत राहतात. खोटे बोलणाऱ्या माणसाकडे मी जसे बघत असे, तसे.