बहिरूभाऊंच्या अंगणातला वरंबा

आमच्या आणि बहिरूभाऊंच्या घरात मिळून एकच आड होता. एकोणीसशे चौतीस साली लग्न होऊन मी सायखेड्यात आले, तेव्हापासून त्या आडावर माझी आणि त्यांच्या बायकोची, कुसाबाईची, रोजची गाठ. मी विणकराघरची, ती शेतकऱ्याघरची, पण पाणी दोघींना सारखंच ओढावं लागायचं.

बहिरूभाऊंचं काम अंगणं सरळ करण्याचं. कुणाचं अंगण खचलं की त्यांना बोलावणं जायचं. ते आधी अनवाणी फिरायचे, टाचेने दाबून बघायचे. "काळी माती हाय, पावसाळ्यात फुगती अन् उन्हाळ्यात फाटती," किंवा "इथं बाभूळ तोडली व्हती ना? मूळ कुजलंय आत," असं निदान करायचे. कुठे घुशीचं बीळ निघायचं. मग तेवढी माती हातभर उकरायची, मुरमाचे थर द्यायचे, पाणी मारून मुरू द्यायचं आणि जड लाकडी धुम्मस घेऊन घट्ट ठोकायचं. वरून पांढरी माती, शेणाचं सारवण. शेवटी दोन खुंट्यांना दोरी ताणून, एक डोळा मिटून ते बघायचे. घाई करणाऱ्याला सुनवायचे, "आज भरलं अन् आजच सारवलं, तर आषाढात पुन्हा खड्डा!"

आणि या माणसाचं स्वतःचं अंगण? आडापासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत वीतभर रुंद, तीन बोटं उंच वरंबा, शेतात असतो तसा. दिव्याखाली अंधार! गावातले टवाळ म्हणायचे, "ज्याला नाचता येत नाय त्यानं बहिरूच्या अंगणात नाचावं, सबब आयती हाय." भाऊ हसून सोडून द्यायचे. कुसाबाईचा मात्र तिळपापड व्हायचा.

कुसाबाई लंगडायची. लहानपणीच्या तापात तिचा डावा पाय आखूड राहिला होता. आज मी हे सांगते आहे, पण तेव्हा तिच्यासमोर बोलायची कुणाची छाती नव्हती. एकदा मी तिच्या घागरीला हात लावायला गेले, तर म्हणाली, "नसीम, मी काय आजारी हाय का?" आठ दिवस अबोला. नवव्या दिवशी मीच भांडून बोलणं सुरू केलं.

एका उन्हाळ्यात विंचूरच्या चिमाजी पाटलांच्या मुलीचं लग्न ठरलं. मांडव दारातच पडणार, आणि अंगणात नुसते खळगे. काम बहिरूभाऊंना द्यायचं पाटलांच्या मनात होतं, पण कुणीतरी त्यांचे कान भरले. निरोप आला, "गुरुवारी येतो. आधी तुझं स्वतःचं अंगण दाखव." विंचुरात नाव झालं असतं तर दहा गावांची कामं आली असती. नाव गेलं असतं तर सायखेड्यातही कुणी विचारलं नसतं. भाऊ मुरूम बघायला बाहेरगावी गेले होते, म्हणून निरोप मिळाला तो कुसाबाईला.

बुधवारी सकाळी तिने पदर खोचला, कुदळ घेतली आणि वरंबा मुळासकट काढला. जागा ठोकली, सारवली. दुपारपर्यंत अंगण सपाट. "आता येऊ दे पाटलाला," ती मला म्हणाली. इतकी खूश मी तिला कधी बघितली नव्हती. मीही शाबासकी दिली. काय म्हणावं आम्हा दोघींना!

दिवस कलताना ती पाण्याला आली. भरलेली घागर कमरेवर घेऊन निघाली आणि चौथ्या पावलाला पाणी हिंदकळलं. लुगडं भिजलं. दुसऱ्या खेपेला तेच. तिसऱ्या खेपेला तिने घागर मध्येच खाली ठेवली आणि जमिनीकडे बघत उभी राहिली. एवढी वर्षं पाणी आणताना तिचा डावा पाय वरंब्यावर पडत होता आणि उजवा खाली. पावलांना ते ठाऊक होतं, तिला नव्हतं. मलाही तेव्हाच कळलं.

भाऊ दिवेलागणीला आले. त्यांनी अंगण बघितलं, ओलं लुगडं बघितलं.

"आधी का नाय सांगितलं?" कुसाबाईने विचारलं.

"सांगितलं असतं, तर तू त्यावर पाय ठिवला असता का?"



गुरुवारी सकाळी पाटील आले, तेव्हा भाऊ वरंबा पुन्हा घालत होते आणि कुसाबाई पाणी मारत होती. पाटलांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "चांगलं सरळ अंगण वाकडं करतोस व्हय रे? मग माझ्या दारात काय दिवे लावणार?"

भाऊ मान खाली घालून ठोकत राहिले. बायकोचं व्यंग चारचौघांत सांगून काम मिळवणाऱ्यांतले ते नव्हते. मी आडावर होते, माझ्या अगदी जिभेवर आलं होतं.

कुसाबाईने तांब्या खाली ठेवला, डोक्यावरचा पदर नीट केला. "पाटील, माझा डावा पाय तीन बोटं आखूड हाय. म्हणून हे अंगण तीन बोटं वर हाय. मोजून घ्या."

पाटलांनी वाकून वरंब्याला तीन बोटं लावून बघितली. मग भाऊंना म्हणाले, "सोमवारी धुम्मस घेऊन ये विंचूरला. पण एक सांग. हिनं काय तुला माप घेऊ दिलं नसंल. मग तीनच बोटं कसं ठरवलंस?"

"ती पाणी भरून गेली की वाटंवर सांडलेलं दिसायचं," भाऊ म्हणाले. "सांडायचं थांबंस्तवर मूठमूठ माती टाकत गेलो."