पाण्याचा दिवस आणि आईची गोळी

माझी आई नर्स होती, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढं जे झालं ते आम्हाला किती लागलं असेल, ते कळेल. खुलताबादच्या बाजूच्या खेड्यांत तिनं तीस वर्षं काढली. गरोदर बाया लोहाच्या गोळ्या घरी नेतात आणि डब्यात टाकून विसरतात, हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून ती गोळी हातावर ठेवून समोर उभी राहायची. गिळली की म्हणायची, "आ कर. जीभ वर." तोंड रिकामं दिसल्याशिवाय बाईची सुटका नसे.

निवृत्त होऊन ती शहरात, पुंडलिकनगरात माझ्याकडं राहायला आली. दोन वर्षांपूर्वी जिना चढताना तिला दम लागायला लागला. तपासण्या झाल्या. हृदयाच्या तीन नळ्या अरुंद झालेल्या आणि पंपिंग, म्हणजे रक्त ढकलायची ताकद, निम्म्याहून कमी.

डॉक्टरांनी दोन रस्ते सांगितले. बायपास केली तर पुढच्या वर्षांसाठी फायदा होऊ शकतो, पण थकलेल्या हृदयाला ऑपरेशनचाच धोका मोठा. गोळ्यांवर राहिलं तर तो धोका नाही, पण गोळ्या रोज, न चुकता घ्यायच्या, आणि त्या किती साथ देतील हे घेतल्याशिवाय कळणार नाही. पुण्याहून आलेला माझा भाऊ म्हणाला, ऑपरेशन करून टाका. मी म्हणाले, गोळ्याच बऱ्या. खरं सांगायचं तर मी विचार करून बोलले नव्हते, मला नुसती भीती वाटत होती. भावाचंही तसंच असावं, त्याची भीती फक्त उलट्या बाजूची.

आईनं आम्हा दोघांना हातानंच गप्प केलं.

"साहेब, मला छातीत दुखत नाय. तीन महिने गोळ्यांवर बघू. पंपिंग सुधरलं तर ठीक, नाय तर करा ऑपरेशन. मी भीत नाय."

डॉक्टरांना हे पटलं. मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

घरी आल्यावर तिनं आपला दवाखानाच थाटला. सकाळी बुद्धवंदना झाली, की चहाच्या आधी वजनकाट्यावर. अंगात पाणी साठलं तर ते आधी वजनात दिसतं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. आकडा किराणा दुकानाच्या कॅलेंडरवर लिहायचा. त्याच कॅलेंडरवर ती आधीपासून नळाला पाणी येण्याच्या दिवशी एक थेंब काढत असे. आमच्याकडं नळाला रोज पाणी येत नाही. आठवड्यानं येतं, कधी त्याहून उशिरा. मीठ-पाणी बेतानंच घ्यायचं म्हणून पिण्याचं पाणी दिवसाला एका तांब्यात मोजलेलं, भाजी अळणी, लोणच्याची बरणी माझ्या सासरी रवाना. मी शिकवते त्या शाळेत सगळ्यांना ऐकवायचे, पेशंट असावा तर माझ्या आईसारखा.

दुसऱ्या महिन्यात तिचे पाय सुजले. वजन वाढलं. मी तिच्यावर तोंड सोडलं. पापड खाल्लास ना? शेजारच्या खालांनी बिर्याणी पाठवली होती, त्यातलं खाल्लंस ना? ती काही बोलली नाही. माझ्या आईला गप्प बसलेलं मी त्याआधी पाहिलेलं नव्हतं, पण त्याचा अर्थ लावायला मी थांबले नाही.

तीन महिन्यांनी आम्ही पुन्हा दवाखान्यात गेलो. भाऊही आला. पंपिंग होतं तिथंच, सूज मात्र जास्त. डॉक्टर म्हणाले, "औषधांचा उपयोग होत नाही असं दिसतंय. आता धोका पत्करून ऑपरेशनचाच विचार करावा लागेल." भाऊ माझ्याकडं वळला. "ताई, मी तेव्हाच सांगत होतो."

तेवढ्यात आई खुर्चीतून उठून उभी राहिली, सरकारी नोकरीत मोठ्या साहेबांपुढं राहायची तशी.

"साहेब, औषधाला दोष देऊ नका. लघवीची गोळी मी चुकवली."

मग तिनं पिशवीतून कॅलेंडर काढून टेबलावर पसरलं.

"ती गोळी घेतली की दुपारपर्यंत सात-आठ वेळा संडासला जावं लागतं. दरवेळी बादलीभर पाणी. नळ येऊन चार दिवस झाले की टाकीचा तळ दिसतो. हिच्या लेकरांच्या आंघोळी, भांडी, सगळं त्यातच. म्हणून पाणी येईपर्यंतचे शेवटचे दिवस गोळी ठेवून द्यायची. पाणी आलं की परत चालू. मला वाटलं, दोन-तीन दिवसांनी काय होतंय. लई मोठी चूक केली."

मी कॅलेंडर पाहिलं. प्रत्येक थेंबाच्या आधी वजन चढलेलं, थेंबानंतर थोडं उतरलेलं, आणि पुढच्या खेपेला आधीपेक्षा वर. मी गणिताची शिक्षिका. आठवीच्या पोरांना आलेख शिकवते. हा आलेख तीन महिने माझ्या स्वयंपाकघरात टांगलेला होता आणि मी पापडांचा हिशेब मागत होते. मला माझीच भयंकर लाज वाटली.

डॉक्टर बराच वेळ ते आकडे बघत होते. "तुम्ही आज बोलला नसता, तर चुकीच्या कारणासाठी मी तुम्हाला ऑपरेशनला पाठवलं असतं," ते म्हणाले. "आणि पाणी कधी येतं, हे मीही विचारलं नाही."

"मग आज पहिला दिवस धरा," आई म्हणाली. "तीन महिने पुन्हा."

तीस वर्षं दुसऱ्यांच्या गोळ्यांवर पहारा दिलेल्या बाईनं लेकासमोर, लेकीसमोर, डॉक्टरसमोर आपली चूक स्वतः उभं राहून सांगितली. मला तिचा त्या दिवशी वाटला तेवढा अभिमान आधी कधी वाटला नव्हता.

त्या संध्याकाळी तिनं गल्लीतही सगळं सांगून टाकलं. शेजारच्या खाला चिडल्या. "हमकू बोलना था ना! हमारे घर का पानी क्या पराया है?" तेव्हापासून टाकीचा तळ दिसला, की आमच्या दारात त्यांच्याकडच्या दोन भरलेल्या बादल्या येतात. आईला कुणाचं घेणं जमत नाही, पण या बादल्या तिनं मुकाट्यानं घेतल्या.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मला ओट्यापाशी बोलावलं. माझ्यासमोर गोळी तोंडात टाकली, घोटभर पाणी प्यायली आणि तोंड उघडलं. जीभ वर. मला काय करावं कळेना. ती हातानंच म्हणाली, बघ. मी पाहिलं. मग रोजच पाहू लागले.

तीन महिने झाले. सूज गेली. पंपिंग निम्म्यावर नाही आलं, पण बरंच वर सरकलं. "ऑपरेशन आत्ता नको," डॉक्टर म्हणाले. "गोळ्या चालू ठेवा, बघत राहू." भावानं पुण्याला पेढे नेले. मी शाळेत वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई गोळी घेऊन ओट्यापाशी उभी राहिली, तेव्हा मी म्हणाले, "आता कशाला दाखवतेस? रिपोर्ट चांगला आलाय. माझा विश्वास आहे तुझ्यावर."

"रिपोर्ट चांगला आला, की त्याच दिवसापासून बाया गोळ्या सोडायच्या," ती म्हणाली. "मी लई पाहिल्यात. तू आपली बघत जा."

तिनं गोळी गिळली आणि आ केला. नळाला पाणी येऊन सहा दिवस झाले होते.