अक्काची मोजणी

माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, उभ्या आयुष्यात कुणी "काय म्हणालात?" असं परत विचारलं नव्हतं. बसस्थानकावर गाड्यांची घोषणा करायची ती. काचेच्या खोलीत बसलेली, पुढ्यात माइक आणि बशीने झाकलेला चहा. फलाटावर पोरं भोकाड पसरतायत, फेरीवाले ओरडतायत, इंजिनं घरघरतायत, आणि त्या सगळ्याच्या वरून तिचा आवाज असा स्वच्छ यायचा की झोपलेला माणूससुद्धा दचकून आपली पिशवी उचलायचा. घरीही तोच खाक्या. मी कधी तोंडातल्या तोंडात पुटपुटले की म्हणायची, "तोंड उघडून बोल, फलाट मोठा आहे."

निवृत्त झाली आणि वर्ष उलटायच्या आत तिला झटका आला. डावं अंग गेलं, ओठ एका बाजूला ओढला गेला आणि तो आवाज चघळल्यासारखा यायला लागला. आल्यागेल्याने "काय? काय?" करायला सुरुवात केली, तेव्हा तिने बोलणंच टाकलं. डॉक्टरांनी तोंडाचे व्यायाम सांगितले होते. प, फ, ब म्हणा, गाल फुगवा. "मी काय बालवाडीत आहे?" एवढं बोलून बाईसाहेबांनी जे भिंतीकडे तोंड केलं ते केलंच. हट्टात तिचा हात धरणारं आमच्या घरात कुणी नाही.

तिची एकुलती एक लेक मनी. डोळे घारे म्हणून मनी. खरं नाव आता फक्त ओळखपत्रावर राहिलंय. इस्पितळात आया आहे. लग्न दोनदा जमता जमता राहिलं, आणि आई अंथरुणाला खिळल्यावर तो विषयच मिटला. सकाळच्या पाळीला जाऊन परक्यांची अंगं पुसायची, दुपारी घरी येऊन आईचं पुसायचं. पोरीच्या हातांना कायम साबणाचा वास. मला जीव तुटेल एवढा तिचा कळवळा यायचा आणि तरी मी माझ्या शिवणाच्या दुकानातून आठवड्यातून एकदा डोकावून परत पळायचे. कारण सांगते. माझ्या सासूचं अंथरुणातलं सगळं मी केलंय, आणि ते वर्षानुवर्षं केलंय. ती गेली त्या दिवशी मी रडले, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी आडवी होऊन सलग झोपले. ती झोप मला परत कुणाला द्यायची नव्हती.

अशात मनीला एक एजंट भेटला. जपानात म्हाताऱ्या माणसांची देखभाल करायला बायका हव्या आहेत, भाषा शिका, मुलाखत द्या, चला. वयाची अट होती आणि मनी त्या अटीच्या अगदी काठावर उभी होती. या खेपेला नाही तर कधीच नाही. तिने वर्ग लावला.

भाषेचं बाकी सगळं तिला जमलं, अडलं ते मोजण्यावर. आपल्याकडे माणसांना 'जण' आणि दुकानात 'नग' म्हटलं की काम भागतं. जपानी माणसाचं तसं नाही. तो आधी वस्तू निरखून बघणार, ती लांब आहे की चपटी ते ठरवणार, मग आकड्यामागे त्या त्या वस्तूचा शब्द जोडणार. चादरीसारख्या चपट्या गोष्टींना माई, यंत्रांना आणि खाटांना दाई. मला वाटलं घर बायकांनी भरलं! औषधाच्या गोळ्यांना जो. पेन, छत्री, काठी अशा लांब गोष्टींचं तर विचारूच नका. एक असली तर इप्पोन, दोन असल्या तर निहोन, तीन झाल्या की साम्बोन. मनी खिडकीशी बसून घोकायची, "इप्पोन, निहोन, सान्होन…"

"साम्बोन," खाटेवरून आवाज आला.

आम्ही दोघी चमकलो. कितीतरी महिन्यांनी अक्का आपणहून बोलली होती. मनी कामावर जाताना वर्गाचे धडे जुन्या फोनवर चालू ठेवून जायची, आईला घरात कुणाचा तरी आवाज असावा म्हणून. अक्काने पडल्या पडल्या सगळं कानात साठवलं होतं. शिकवणाऱ्या बाईचा उच्चार चांगला आहे, असं प्रशस्तिपत्रकही तिने दिलं.

मग संध्याकाळचा तो नेमच झाला. अक्का उजव्या हाताचं बोट दाखवायची, मनी मोजायची, चुकली की अक्का दुरुस्त करायची. प, फ, ब म्हणायला जी तयार नव्हती ती "इप्पोन, साम्बोन" करत ओठ वळवत होती. पंखा, कप, चपला, गोळ्या, खोलीतलं काही सुटलं नाही. एका लहान जनावराला इप्पिकी म्हणतात कळल्यावर मी म्हटलं, "मग आमच्या मनीला इप्पिकीच म्हणायचं की!" अक्का हसली. वाकड्या ओठाने, पण खळखळून हसली. शेवटी माणसं मोजायची. एक माणूस हितोरी, दोन माणसं फुतारी, आणि तिथून पुढे नुसतं सान्निन, योनिन असं सरळसोट. पहिल्या दोघांचाच थाट वेगळा. अक्का आधी मनीकडे बोट दाखवायची, मग स्वतःकडे, आणि मनी म्हणायची, "फुतारी." त्यानंतर औषधं घ्यायची आणि दिवा मालवायचा.

एकदा मनी वर्गातून हसत आली. सरावात बाईंनी विचारलं होतं, तुमच्या वॉर्डात किती माणसं सांभाळता? ही सरळ बारा दाई म्हणून मोकळी झाली. तिचंही काय चुकलं म्हणा! इस्पितळात माणसाचं नाव कोण घेतो? सातला सलाईन लाव, नऊचं अंग पूस, चार काल गेला. बारा खाटा होत्या, तिने बारा खाटा सांगितल्या. मनी सांगताना हसत होती, मीही हसले. अक्का हसली नाही.

"मला कुठे ठेवणार?" तिने विचारलं.

मनीचं हसू तिथेच विरलं. कारण तोच एक प्रश्न होता आणि आम्ही तिघी त्याला वळसा घालून चाललो होतो. मनी गेली तर अक्काचं कोण करणार? इस्पितळाच्या मागच्या इमारतीत अंथरुणावरच्या माणसांची सोय होती. मनी ती बघून आली होती आणि बघून आल्यावर रात्री जेवली नव्हती. "मावशी, तू काय म्हणतेस?" तिने मला तोंड फोडून विचारलं. मी म्हटलं, "बघू." माझं हे बघू फार जुनं आहे. गिऱ्हाइकाला ब्लाउज कधी देणार विचारलं की मी हेच म्हणते.

मुलाखत फोनच्या व्हिडिओवर होणार होती, आणि आवाज नीट येतो तो फक्त अक्काच्या खाटेजवळच्या खिडकीत. एजंटाने मनीला बजावून ठेवलं होतं, घरात आजारी माणूस आहे हे अजिबात कळू द्यायचं नाही. मागे कुणी एक बाई आईच्या दुखण्यासाठी मध्येच काम सोडून परत आली, तेव्हापासून ते लोक हे आधी विचारतात. म्हणून फोन असा ठेवला की मनीच्या मागे कोरी भिंत दिसावी. खाट बाजूला. मला बोलावलं होतं अक्काजवळ बसायला. दुपारी तिला खोकल्याची उबळ यायची. मी पाण्याचा पेला आणि टॉवेल घेऊन बसले.

मनी इस्त्रीचा शर्ट घालून ताठ बसली. पलीकडे एक बाई आणि एक पुरुष. प्रश्न आले, उत्तरं गेली. मला काय कळतंय, पण अक्काचा चेहरा बघून मी समजत होते. उत्तर बरोबर आलं की तिची पापणी मिटायची. गोळ्या मोजून झाल्या, चादरी झाल्या. वॉर्डातली माणसं मनीने या वेळी माणसांसारखी मोजली. मग त्या पुरुषाने काहीतरी विचारलं, त्यात काझोकु हा शब्द मला ऐकू आला. काझोकु म्हणजे कुटुंब, एवढं मलाही ठाऊक होतं.

मनी थांबली. नेमकी तेव्हाच अक्काला उबळ आली. तिने माझ्या हातातून टॉवेल ओढला आणि तोंडात कोंबला. चेहरा लाल झाला, डोळ्यांतून पाणी आलं, सगळी खाट थरथरली, पण आवाज म्हणून बाहेर आला नाही.

"हितोरी देसु," मनी म्हणाली. स्वच्छ, मोठ्याने.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आई हातभर अंतरावर जीव कोंडून पडली आहे आणि ही सांगते घरात एकच माणूस! फोन बंद झाल्याबरोबर मी तोंड उघडणार होते, तर अक्काने माझं मनगट धरलं. टॉवेल बाजूला केला, पोटभर खोकली, दम घेतला.

"हितोरीतला ह छान आला," ती मनीला म्हणाली. "इतके दिवस येत नव्हता."

मनी जमिनीवर बसली आणि खाटेच्या कडेला कपाळ टेकून हमसून हमसून रडायला लागली. "आई, मी तुला…" एवढंच तिला म्हणता आलं. अक्का तिच्या केसांवर हात फिरवत राहिली. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच चहा ठेवला. राग कुणाचा येतोय तेच मला कळत नव्हतं. पोरीचा, एजंटाचा, त्या लोकांचा, की आणखी कुणाचा.

दिवेलागणीला एजंटाचा फोन आला. मनीची निवड झाली होती. पेढे वाटावेत अशी बातमी, आणि घरात सुतक पडल्यासारखं. मनी म्हणाली, "मी नाही जात. उद्या कळवते त्यांना."  नेहमीच्या वेळी अक्काने खाटेवर टिचकी वाजवली. मोजायची वेळ झाली होती.

"आज नको, आई."

अक्काने परत टिचकी वाजवली. मनीने डोळे पुसत पंखा मोजला, कप मोजले, उशाखालच्या गोळ्या मोजल्या. मग माणसं आली. अक्काने मनीकडे बोट दाखवलं.

"हितोरी," अक्का स्वतःच म्हणाली आणि थांबली. मनीच्या जोडीला तिने दुसरं कुणी मोजू दिलं नाही. मग तिचं बोट स्वतःच्या छातीवर गेलं. तिथून ते हळूहळू उचललं, दाराशी चपला घालायला उभ्या असलेल्या माझ्याकडे वळलं आणि तिथेच राहिलं.

"फुतारी," ती म्हणाली.

मला कुणी विचारलं नव्हतं. बोट दाखवलं आणि मोजून टाकलं. माझे दुखरे गुडघे, माझं दुकान, माझी दुपारची झोप, सगळं माझ्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. मनी माझ्याकडे बघत होती. अक्काचा हात अधांतरीच होता, ती तो खाली घेत नव्हती.

"बघू," मी पुटपुटले.

"काय?" अक्का म्हणाली. "तोंड उघडून बोल. फलाट मोठा आहे."

मी पायातली चप्पल काढली. आत आले, तिचा तो उचललेला हात धरून खाली ठेवला आणि म्हणाले, "फुतारी."

माझा उच्चार चुकला होता. तिने तो माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतला.