न बोलणाऱ्या नवऱ्याविरुद्ध साक्ष

माझ्या नातजावयानं नातीला कधी मारलं नाही. दारू नाही, जुगार नाही, बाहेर बाई नाही. हे त्याचं कौतुक नव्हे. याच गुणांपायी नातीचा घटस्फोट अडला होता. ती सुटायला बघत होती, तो सोडत नव्हता. मग क्रूरता सिद्ध करा, असं भंडाऱ्याचा आमचा वकील म्हणाला.

"मारते का?" त्यानं विचारलं.

"नाही."

"हुंड्याचा तरास?"

"नाही."

"मंग करते काय?"

"टेबल ठोकते," नात म्हणाली.

वरठीच्या त्यांच्या दोन खोल्यांत त्याला पाणी हवं असलं की टेबलावर बोटानं एकदा टकटक. जेवण वाढायचं असलं की दोनदा. आईशी फोनवर तास तास गप्पा, कारखान्यातल्या दोस्तांशी खिदळणं. फोन ठेवला की तोंडाला कुलूप. नातीला दिवस राहिले आणि तिसऱ्या महिन्यात गर्भ पडला, तेव्हाही दवाखान्यातून आल्या आल्या यानं दोनदा टकटक केली.

वकिलानं पेन खाली ठेवलं. तिच्या ओठातून रक्त आलं असतं तर बिचाऱ्याचं काम किती सोपं झालं असतं! पण म्हणाला, न बोलणंही क्रूरतेत बसू शकतं, घरचं कुणी पाहिलेलं सांगणारं पाहिजे. दवाखान्यानंतर मी तिच्याकडे राहून आले होते. साक्षीला माझं नाव गेलं.

त्या दिवशी पवनीला घरी आलो आणि नात हे सगळं आजोबाला सांगत बसली. बुढ्यानं ऐकून घेतलं आणि खाटेच्या पायावर एकदा टकटक केली. मी उठून पाणी दिलं. नात माझ्याकडे पाहतच राहिली.

आमचं घर विणकराचं. मागाच्या खटखटीत बोललेलं ऐकू जात नाही, म्हणून सासऱ्याच्या काळापासून ती रीत. मागाच्या लाकडावर एकदा ठोकलं की पाणी, दोनदा ठोकलं की सूत भरलेल्या कांड्या. माग कधीच बंद पडला, त्याची लाकडं चुलीत गेली. ठोकणं तेवढं राहिलं.

आणि नवी नवरी असताना मी काय येडी होते म्हणता! शेजारणी नवऱ्याच्या शिव्या खाऊन रडत यायच्या, तर मी पदर खोचून सांगायची, "आमच्या यायले बोलाच लागत नाही. मले मनातलं समजते." एक दिवस तीनदा ठोकल्याचा आवाज आला. पाणी नाही, कांड्या नाही, मग हे तिसरं काय? मी आपली लाजले. केस विंचरले, काजळ घातलं, दारात जाऊन उभी राहिले. तो मागाची ढिली खुंटी दगडानं ठोकत होता. त्यानं हातानं खूण केली: बाजूला हो, उजेड अडतो. तेही मी प्रेमाच्या खात्यात जमा केलं. अशा बाईला आता कोर्ट संसाराबद्दल विचारणार होतं.

उलटतपासणीला नातजावयाचा वकील उभा राहिला. गोड बोलणारा, म्हणजे वाईटच.

"आजी, तुमचं घर विणकराचं ना? तुमचे यजमान पाणी कसं मागतात?"

हे त्याला कुणी सांगितलं होतं ते उघड होतं. नातजावई दिवाळसणाला आमच्याकडे येऊन गेलेला. मागच्या बाकावर बुढा बसला होता. खरं सांगितलं तर ती घराण्याची रीत ठरणार, मग नातीनं क्रूरता म्हणून ओरडायचं कशाला? आणि खोटं सांगावं तर शपथ घेतलेली.

"ठोकून," मी म्हणाले.

"तरी इतकी वर्षं सुखाचा संसार केलात."

"संसार केला. सुखाचं तुमी आपल्या मनानं टाकलं जी."

कुणीतरी हसलं. वकील हसला नाही.

"म्हणजे ठोकण्यात काही वावगं नाही."

"बुढा माग चालवे, म्हणून ठोके. याच्या टेबलातून कोनतं लुगडं निंगते?"

"बरं. माग बंद झाल्यावर यजमान बोलू लागले का?"

मेला हुशार होता. हे मला सुचलंच नव्हतं, आणि इतक्या वर्षांत कधी सुचू दिलं नव्हतं.

"नाही जी."

"तरी तुम्ही राहिलात."

"मले कोनी इचारलंच नाही. तुमीच पैले. आता इचारलं त सांगून राहिली, ते बी क्रूरताच होय. घ्या लिहून."

जजसाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं आणि टायपिस्टला सांगितलं. माझा सगळा जन्म दीड ओळीत बसला.

परतीच्या एसटीत बुढा माझ्याशी बोलला नाही. आता जो कधी बोलतच नाही, त्याचा अबोला ओळखायचा कसा?

पुढच्या तारखेला नातजावई व्हरांड्यातून चालला की तारखेला आलेली माणसं बाक ठोकू लागली. त्यानंतरच्या तारखेला त्याचा वकील आपसात मिटवायचं घेऊन आला. दोघांच्या संमतीनं अर्ज झाला. कायद्यानं वर सहा महिने दिले, फिरून विचार करा म्हणून. जणू विचार न करता आम्ही इथवर आलो होतो.

शेवटच्या तारखेला साहेबांनी दोघांना समोर उभं केलं. लग्नात त्याला कुणी 'हो' म्हणायला लावलं नव्हतं. मंगलाष्टकं आणि बँड यांच्या गोंगाटातच उरकलं होतं. इथे मात्र विचारलं, स्वखुशीनं करताय का?

"हो," नात म्हणाली.

त्यानं मान हलवली.

"मान नको. तोंडानं बोला."

त्यानं वकिलाकडे पाहिलं. वकील छताकडे पाहत होता. नातजावयाचं बोट समोरच्या लाकडावर टेकलं, जरा थांबलं, आणि मग तो खणखणीत आवाजात म्हणाला, "हो साहेब. माझी संमती आहे. कोणाचा दबाव नाही. मला हिच्यासोबत राहायचं नाही."

बाहेर येताना वाटलं, नात आता रडेल, नाहीतर माझ्या गळ्यात पडेल. ती तरातरा पायऱ्या उतरली, खाली जाऊन गर्रकन वळली. चेहरा रागानं लाल.

"आयकलं का आजी? चार वाक्यं! मेल्याले येत होतं ना बोलता!"