डिझेल प्यायलेली माती

माझा नवरा मुर्री गावाजवळच्या एका पेट्रोल पंपावर कामाला होता. आमचं घर पंपाच्या मागेच, मध्ये फक्त एक पडीक प्लॉट. त्यामुळे घरात डिझेलचा वास आला की तो त्याच्याच अंगाचा, असं मी धरून चालले होते. त्याचे कपडे मी वेगळे भिजवायची. तो बिचारा दाराबाहेरच शर्ट काढायचा आणि दोनदोनदा आंघोळ करायचा. आमच्या विहिरीच्याच पाण्यानं.

एका उन्हाळ्यात तो भाचीच्या लग्नाला चार दिवस केशोरीला गेला. तिसऱ्या दिवशी बुद्धपौर्णिमा. विहारात न्यायची खीर मी चुलीवर ठेवली आणि वाफेबरोबर तोच वास आला. सासूबाईंनी थोडी चाखली नि लगेच थुंकली.

"पाण्यालेच वास येऊन राहिला. माह्या पोराले उगाच बोलत होतीस."

तो परत आला तेव्हा मी पाण्याचा लोटा त्याच्या नाकाशी धरला. तो खाली बसला. पंपाखाली पुरलेली डिझेलची टाकी किती जुनी आहे, हे त्याला ठाऊक होतं.

"सेठले सांगतलं तं पंप बंद होईल," तो म्हणाला. "मंग मी काय करू?"

सकाळी त्यानं स्वतःच विहिरीच्या पाण्याची बाटली भरली आणि पंपावर निघाला. मलाही घरी थांबवेना, मी मागोमाग गेले.

"ये कहाँ का पानी है?" पंपाचे मालक, सेठ, यांनी विचारलं.

"मेरे घर का, सेठ. पीने का."

त्यांनी झाकण काढून वास घेतला. ओरडतील असं मला वाटत होतं, पण त्याच दुपारी पंपाच्या तोंडाशी साखळी लागली.

टाकी वर काढली तेव्हा तिचा तळ गंजून चाळणी झाला होता. खालची माती काळी, ओशट. नागपूरहून आलेले इंजिनीअर म्हणाले, मातीतले जिवाणूच हे डिझेल खातील. त्यांना हवा, ओल आणि थोडं खत मिळालं पाहिजे. पडीक प्लॉटवर जाड प्लास्टिक अंथरून ती माती हातभर थरात पसरली. तिच्यात शेणखत, युरिया आणि राइस मिलमधला भुसा मिसळला. दर आठ दिवसांनी ती उलटायची, पाणी शिंपडायचं. हे काम सेठनी नवऱ्याला दिलं आणि मलाही मजुरीवर घेतलं.

सुरुवातीला तोंडाला फडकं बांधूनही दुपारपर्यंत डोकं ठणकायचं. सोबतच्या मजुरांना बिड्या फाटकाबाहेर ठेवाव्या लागत. पावसाळ्यात सगळ्यावर ताडपत्री. सासूबाई कुंपणापलीकडून बघायच्या.

"माती डिझेल खाते म्हणता? मंग तिचं पोट काऊन दुखत नाही?"

वर्ष उलटल्यावर ढेकळं हाताने फुटू लागली, रंगही उजळला. एक दिवस नवऱ्यानं मला हाक मारली. त्याच्या फावड्यावर एक गांडूळ वळवळत होतं. आम्ही दोघं लहान मुलांसारखे वाकून पाहत राहिलो. इंजिनीअर मात्र हसले. "एका गांडुळावरून मी सही करू शकत नाही." त्यांनी पिशव्या भरून माती तपासायला नेली. दोनदा नापास झाली, तिसऱ्यांदा पास. तरी ती शेतात टाकू दिली नाही, नव्या रस्त्याच्या भरावात गेली.

विहीर कितीदा तरी उपसली, टँकरनं पाणी नेलं. वास गेला, पण प्यायची परवानगी काही मिळाली नाही. सासूबाई शेवटपर्यंत गल्लीच्या टोकाच्या हातपंपाचं पाणी प्यायल्या.

नवी टाकी बसली, नवरा पुन्हा ड्युटीवर गेला. सगळ्यांना हायसं वाटलं, मलाही. पण लग्नाला इतकी वर्षं होऊनही आम्ही दोघांनी दिवसभर शेजारी उभं राहून एक काम केलं ते तेवढंच. तो कामाला गेल्यावर घर झाडताना मला ते महिने फार आठवायचे. मी त्याला तसं कधी सांगितलं नाही.