दोन कॉमांच्या मधली माणसं

इंग्रजी शिकवणाऱ्या माणसाला करमणुकीसाठी टीव्ही लागत नाही. पूर्णेच्या आमच्या शाळेत एकट्या अपोझिटिव्हवर माझ्याकडे इतके किस्से साठलेत की सिलॅबस मागे पडलाय.

अपोझिटिव्ह म्हणजे एका नामाशेजारी त्याचीच ओळख सांगायला बसवलेलं दुसरं नाम. 'माय अंकल, अ फार्मर, केम येस्टरडे.' काका आणि शेतकरी हा एकच माणूस, आणि दोन कॉमांच्या मध्ये त्याची ओळख. एवढंच! सुनीता, माझी बायको, राणीसावरगावला गणित शिकवते. तिच्या गावी बदली मिळावी म्हणून मी सहा वर्षं वाट बघतोय. तोवर कॉमा मोजतो.

पहिल्याच तासाला मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, अपोझिशन म्हंजे विरोधी पक्ष ना?"

"नाही रे. इथे दोन्ही नामं एकाच माणसाची. दोघांत कसलाच विरोध नाही."

"मग तर विरोधी पक्षच हाय की, सर!"

मी फळा पुसला.

*

पेडगावची शीतल हुशार. घरी शेळ्या. तिने लिहिलं, 'अवर गोट, राणी, इज नॉटी.' मी सांगितलं, "तुमच्याकडे शेळ्या बारा. कोणती शेळी ते राणी या नावानेच कळतं, म्हणून कॉमा नको. एकच असती तर दिला असता."

तिने कॉमा खोडले. आठ दिवसांनी वही परत आली, तर कॉमा जागच्या जागी! मी चिडलो. "एकदा सांगितलेलं कळत नाही का?"

"सर, बाकीच्या बाजारात इकल्या. आता राणी एकलीच हाय."

मी कॉमा तसेच राहू दिले. मार्क पूर्ण दिले.

*

आमच्या हेडसरांचा सिद्धांत असा की कॉमा म्हणजे दम खायची जागा. त्यांचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, त्यामुळे त्यांच्या नोटिशीत दर दोन शब्दांनी कॉमा. "वाचणाऱ्याला त्रास नको," म्हणतात. किती ती काळजी!

गॅदरिंगची पत्रिका त्यांनी इंग्रजीतच काढायला लावली. मजकूर माझा: 'अवर चीफ गेस्ट, अ रिटायर्ड रेल्वे गार्ड, द प्राइड ऑफ पूर्णा, विल अराइव्ह ॲट टेन.' आमचे शिपाई महादूमामा फार काटेकोर. त्यांनी कॉमा बघून स्टेजवर तीन खुर्च्या मांडल्या, तीन शाली, तीन नारळ!

दहाला पाहुणे आले. एकटेच. मामा सव्वादहापर्यंत गेटवर उभे. मग स्टेजवर येऊन त्यांनी पाहुण्यांच्याच कानात विचारलं, "सायेब, बाकीच्या दोघायची गाडी लेट हाय का?"

हेडसर मला म्हणाले, "तुमचं ग्रामर शाळेला लय महागात पडायलंय." पाहुण्यांनी मात्र ग्रामरचा मान राखला. तिन्ही नारळ घरी नेले.

*

यंदा बदलीचे अर्ज निघाले. मी मराठीत लिहिला, तर हेडसरांनी परत केला. "इंग्रजीचे शिक्षक तुमी, अन् अर्ज मराठीत? काय इज्जत राहील आपली?" जिल्ह्याच्या ऑफिसात सगळा कारभार मराठीत चालतो, पण इज्जतीचा प्रश्न होता.

मी लिहिलं, 'माय वाइफ, सुनीता, अ टीचर, लिव्ह्ज इन राणीसावरगाव.' कॉमा तीनदा तपासले. आयुष्यात इतकं शुद्ध वाक्य मी लिहिलं नव्हतं.

महिन्याने ऑफिसचं पत्र आलं. शुद्ध मराठीत. 'आपल्या अर्जात पत्नी, सुनीता व एक शिक्षिका अशा तीन महिलांचा उल्लेख आहे. पैकी नेमकी कोणाजवळ बदली हवी, याचा लेखी खुलासा करावा. तोपर्यंत अर्ज प्रलंबित.'

सहा वर्षांचा राग गिळून मी खुलासा लिहायला बसलो, तेवढ्यात राणीसावरगावहून फोन. पत्राची प्रत माहितीसाठी तिच्या शाळेलाही गेली होती!

"अहो, त्यातली पत्नी मीच ना?"

"अगं, तूच!"

"अन् सुनीता?"

"तीही तूच!"

"दोन झाल्या. आता ऑफिसचं नंतर बघा. तिसरीचा खुलासा आधी मला करा!"