डाव्या काठावरची नवरी

वालेंती प्लेवाला काठी बापाने शिकवली आणि तोंड देवाने दिलं. आमच्या पोलंडच्या दुनायेत्स नदीवर तराफा चालवायचा तर दोन्ही लागतं. पुढे एक आणि मागे एक असे दोघं लांब काठ्या घेऊन उभे राहतात, मधल्या बाकांवर दहा पर्यटक. पाणी अंगावर उडू नये म्हणून पुढच्या टोकाला हिरव्या फांद्या खोचायच्या आणि तराफा सोडून द्यायचा. खरं काम नदीच करते. ती कड्यांमधून वळणं घेत अडीच तासांत श्चाव्नित्सा गावाला नेऊन सोडते. पण शहरातली माणसं अडीच तास नुसते डोंगर बघत बसतील होय? त्यांना हसायला लागतं. म्हणून पुढचा तराफेवाला बोलत राहतो. ह्या कड्यावरून दरोडेखोराने उडी मारली, त्या दगडावर जोगीबुवा बसायचे. नदी आता डावीकडे वळेल की उजवीकडे, असं विचारायचं आणि कुणी काहीही म्हणालं तरी त्याला खोटं पाडायचं.

ह्या बोलण्यात वालेंतीचा, आमच्या वालेकचा, हात धरणारा कुणी नव्हता. निळी भरतकामाची बंडी, कवड्या लावलेली काळी टोपी आणि त्या टोपीखाली एक क्षणही गप्प न बसणारं तोंड. हिवाळ्यात तो सुतारकाम करायचा तेव्हाही लाकडाशी बोलायचा, असं त्याची बायको म्हणते.

एकोणतीस वर्षांपूर्वी, वालेंती छत्तीसचा असताना, एका दिवशी पावसाची बारीक झड लागली होती. तराफ्यावर कुठल्याशा कारखान्याची सहल होती. दहा जण भिजलेले, वैतागलेले. दरोडेखोर झाला, जोगीबुवा झाले, कुणी दात दाखवीना. तराफा खालच्या गावाशी आला. डाव्या काठावरचं शेवटचं घर रोझालियाचं. ती अंगणातल्या दोरीवरून चादरी ओढत होती, एक खांद्यावर, एक दातांत. वालेंतीने तिच्याकडे बोट दाखवलं आणि त्याच्या तोंडून निघून गेलं:

"ती बघा, ती बघा! आमची नवरी! लग्नाच्या आदल्या दिवशी नवरा पळाला अमेरिकेला. बारा वर्षं झाली, बाई रोज गादीवरची चादर धुऊन ठेवते. न जाणो, आजच आला तर! मंडळी, आहे का कुणी बिनलग्नाचा? हात वर करा, तराफा काठाला लावतो!"

दहाच्या दहा जणांना हसू फुटलं. एका टकल्या गृहस्थाने दोन्ही हात वर केले, दुसऱ्याने शिट्टी मारली. वालेंतीला इतकं बरं वाटलं की काय सांगावं.

रोझालियाला कधी कुणी नवरा मुलगा नव्हता. अमेरिकेत होता तो तिचा भाऊ, सणासुदीला पार्सल पाठवायचा. ती शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची, म्हाताऱ्या बापाचं करायची, आणि लग्न केलं नाही कारण केलं नाही. त्यात कुणाचं काय जात होतं? पण दुसऱ्या दिवशी वालेंतीने तेच पुन्हा सांगितलं, आणि मागच्या टोकाला उभा असलेला त्याचा चुलतभाऊ स्ताख पोट धरून हसला. आठवडाभरात नदीवरचे सगळे तराफे तेच सांगू लागले.

रोझालियाने कपड्यांची दोरी घराच्या मागे नेली. तराफेवाले म्हणू लागले, "नवरीने रुखवत लपवून ठेवलाय!" तिने नदीकडच्या बाजूला लायलॅकच्या फुलांची दाट झुडपं लावली, तर "मागणी घालणाऱ्यांची रांग लागली, म्हणून कुंपण!" बाप गेल्यावर तिने नदीकडची खिडकी फळ्या ठोकून बंद केली. त्यावरही एक ओळ तयार झाली, आणि ती सर्वांत जास्त चालली. मला विचाराल तर ह्या गावातल्या एकाही पुरुषाला लाज नव्हती, आणि सांगणाऱ्यात मीही होतो.

वालेंतीला लाज वाटायची, पण फक्त जमिनीवर. चर्चच्या पायऱ्यांवर रोझालिया समोरून आली की तो बुटाची नाडी बांधायला वाकायचा. एकोणतीस वर्षांत त्याने जितक्या वेळा नाडी बांधली तितकी कुणी बांधली नसेल. तराफ्यावर पाय ठेवला की मात्र तोंड सुटायचं.

ह्या जूनमध्ये एक गोष्ट घडली. वालेंतीच्या पुढच्या तराफ्यावर लग्नाआधीची दारू झोकायला निघालेली पोरं होती. नवरीचा विनोद ऐकून त्यांना चेव आला. तराफा काठाशी घासत होता, तेवढ्यात एकाने उडी मारली, धावत जाऊन रोझालियाच्या फाटकाला नवरीचा प्लॅस्टिकचा घुंगट अडकवला आणि हसत-ओरडत परत आला. मागून येणाऱ्या वालेंतीने सगळं पाहिलं. रोझालिया दार उघडून बाहेर आली. तिने कुणाला शिवी दिली नाही. घुंगट काढला, काठाला काठ जुळवून चौघडी घातली आणि काखेत धरून आत गेली.

वालेंतीने ते दार बंद होईपर्यंत पाहिलं. आणि त्याच क्षणी, सवयीने, त्याचं तोंड म्हणालं, "ती बघा, ती बघा! आमची नवरी!"

दहा जण हसले. स्ताख मागून ओरडला, "आज आवाज का बसलाय तुझा?"  पुढचे दोन तास वालेंतीला स्वतःच्या जिभेची किळस येत राहिली.

तो दोन दिवस जेवला नाही नीट. रविवारी तराफेवाल्यांच्या बैठकीत उभा राहिला आणि म्हणाला, "तो नवरीचा विनोद बंद करा. घरात जिवंत बाई राहते."

"काका, ती खरी बाई आहे?" मागून एक तरणा तराफेवाला म्हणाला. "मला वाटलं, घर रिकामं आहे. आणि विनोद तर शंभर वर्षं जुना ना?"

"मी केलाय तो."

"झालं! आता म्हणेल डोंगरही मीच केले!" कुणीतरी म्हणालं, आणि खोलीभर हशा पिकला. अध्यक्षांनी डोळे पुसत सांगितलं, "वालेक, लोक चौकशी करून येतात रे त्या विनोदाची. तुला नको तर तू नको सांगू."

मग एकच दार उरलं होतं. सोमवारी दुपारी तो रोझालियाच्या घरी गेला. नवी टोपी हातात, केस ओले करून बसवलेले. ती स्वयंपाकघरात बरण्यांमध्ये काकड्या भरत होती, मिठाचं पाणी, शेपूची खोडं, लसूण. तिने वर पाहिलं आणि पुन्हा काकडी कोंबली.

"आज नाडी सुटली नाही वाटतं," ती म्हणाली.

वालेंती दारातच उभा राहिला. "रोझालिया, तो विनोद... तो पहिल्यांदा मी केला."

"ठाऊक आहे."

"कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला हवं? पाण्यावरून आवाज येतो, वालेक. माझ्या दातांत चादर होती, पाऊस पडत होता, आणि तुझा आवाज मला तू बाळ होतास तेव्हापासून माहीत आहे. तुझ्या आईला मीच मदत करायचे तुला गप्प करायला."

त्याचा चेहरा पार उतरला. "इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"बोलायचं काम कुणाचं होतं?"

"चुकलो गं. पाया पडतो तुझ्या. माझ्या मनात तसं काही नव्हतं, माणसं हसेनात म्हणून..."

"हे बघ," तिने बरणीचं झाकण दाबून फिरवलं. "माझ्या स्वयंपाकघरात माफी मागून काय उपयोग? इथे मी आणि ह्या काकड्या. जिथे बोललास तिथे बोल. उद्या मी तराफ्यावर येते."

"तू?"

"का? साठ पावलांवर नदी आहे, आणि अख्ख्या जन्मात एकदाही तराफ्याने खाली गेले नाही. तिकीट काढून येईन. फुकट नको."

मंगळवारी ऊन स्वच्छ होतं. ती फुलाफुलांचा रुमाल डोक्याला बांधून, पर्स मांडीवर घेऊन दुसऱ्या बाकावर बसली. तिच्याभोवती नऊ अनोळखी माणसं, कॅमेरे, बिस्किटं. स्ताखने तिला पाहिलं आणि टोपी डोळ्यांवर ओढली. वालेंतीने आज दरोडेखोर सांगितला नाही. 

खालचं गाव आलं. पुढच्या तराफ्यावर हशा उठला. वालेंतीच्या तराफ्यावरच्या एका बाईंनी मोबाइल वर केला. "ते नवरीचं घर हेच ना? सांगा ना, आम्ही खास त्यासाठी आलोय!"

वालेंतीने टोपी काढली. "ते घर रोझालियाचं आहे," तो म्हणाला. "कुणी पळून गेलं नाही, ती कुणाची वाट बघत नाही. ती गोष्ट खोटी आहे. मी रचली. एका चांगल्या बाईची मी एकोणतीस वर्षं टिंगल केली."

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग सगळे हसले. खदाखदा, आजवर कधी हसले नव्हते तसे. "काय चेहरा केलाय बघा!" एक जण म्हणाला. "अगदी रडतील असं वाटतं!"

वालेंतीला खरंच रडू येत होतं. त्याने पुन्हा सांगितलं, शब्द बदलून सांगितलं, आणि ते अजूनच हसले. एकाने हात वर केला, "मी बिनलग्नाचा आहे, लावा काठाला!"

तेव्हा रोझालिया उठून उभी राहिली. तराफा हलला. तिने शेजारच्या बाईच्या खांद्याचा आधार घेतला आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "मी रोझालिया. ते माझं घर. हा खरं सांगतोय."

हात वर केलेल्या माणसाने तो हळूच खाली घेतला. मोबाइल पर्समध्ये गेला.  पुढचे दोन तास कडे सरकत राहिले, काठ्या दगडांवर वाजत राहिल्या, आणि रोझालिया मान वर करून सगळं बघत होती. आमच्याच नदीचे आमचेच डोंगर, पंचाहत्तराव्या वर्षी पाण्यावरून पहिल्यांदा.

श्चाव्नित्साला माणसं उतरली. दोघांनी रोझालियाचा हात हातात घेतला, बाकीचे खाली बघत निघून गेले. तराफा सुटा करून परत न्यायचा, म्हणून स्ताख त्याच्या दोऱ्या सोडू लागला. वालेंतीने तिला उतरायला हात दिला. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं त्याला वाटत होतं, श्वास पूर्ण आत जात होता.

"झालं, रोझालिया," तो म्हणाला. "बोललो."

ती धक्क्यावर उभी राहून रुमाल सारखा करत होती. मागून आणखी तराफे येत होते, पाच, सात, एकामागे एक, आणि प्रत्येकावरची माणसं अजून हसत होती.

"नऊ माणसांना सांगितलंस, वालेक," ती म्हणाली. "उद्या किती वाजता सुटतोस?"